खंडेनवमीची दुर्बीण

मिरजेतल्या आमच्या दुकानाच्या पाटीवर फक्त चष्मे लिहिलेले होते. चष्मे हे आमच्या ह्यांचं राज्य. ते पुढच्या टेबलाशी बसत, येणाऱ्याच्या नाकावर चौकटी चढवत, उतरवत, आणि "अगदी साहेब दिसता" असं प्रत्येकाला म्हणत. मागच्या खिडकीपाशी माझं टेबल होतं, आणि त्या टेबलावर जे चाले त्याचा पाटीवर उल्लेख नव्हता. छर्‍याच्या बंदुकीवर बसवायच्या जुन्या दुर्बिणी लोक माझ्याकडे घेऊन येत. दुरुस्तीला थोड्या, आणि "हिचं काय येईल?" हे विचारायला जास्त.

हे माझ्या वाट्याला कसं आलं, ते सांगते. माझं माहेर सातारचं. आमच्या आळीत घरटी एक माणूस पलटणीत असे. माझे काका सुटून आले तेव्हा त्यांनी एक छर्‍याची बंदूक आणली होती, वर करंगळीपेक्षा जरा जाड अशी दुर्बीण. परसातल्या चिंचेचे आकडे मी त्या बंदुकीनं पाडत असे. आई कपाळाला हात लावायची. पुढे लग्न होऊन मिरजेला चष्म्याच्या घरात पडले, आणि एके दिवशी तासगावकडचे एक द्राक्षबागायतदार दुकानात आले. पाखरं उडवायला त्यांनी छर्‍याची बंदूक ठेवली होती. तिच्या दुर्बिणीच्या आतली फुली तुटली होती. आतली फुली म्हणजे काचेतून बघताना दिसणाऱ्या उभ्या-आडव्या दोन बारीक रेषा, ज्यांच्या मध्यावर नेम धरायचा. आमचे हे ती परत देणारच होते. मी म्हटलं, राहू द्या.

फुलीला लागतो केसाहून बारीक, पण न लोंबणारा धागा. जुने कारागीर त्यासाठी कोळ्याच्या जाळ्याचा धागा घेत, असं मला मागाहून कळलं. आमच्या दुकानात कोळिष्टकांची वानवा कधीच नव्हती, पण तेव्हा मला ते सुचलं नाही. पलीकडच्या गल्लीत तंबोरे करणारे होते. तंबोऱ्याच्या तारेखाली ते एक दोरा सरकवतात, मग आवाज खुलतो. त्यांच्याकडून रेशमी दोऱ्याचं एक टोक मागून आणलं, उकललं, त्यातला एकच तंतू घेतला आणि बसवला. ती दुर्बीण पुढे कित्येक हंगाम चालली. बागायतदारांनी गावभर सांगितलं, आणि तेव्हापासून मागचं टेबल माझं झालं. आमचे हे त्याला 'दुर्बीणखाना' म्हणत. म्हणू देत.

येणारा प्रत्येक माणूस दोन गोष्टी हमखास सांगे. दुर्बीण जर्मन आहे, आणि ती लढाईतली आहे. मिरजेच्या पंचक्रोशीत जेवढ्या जर्मन दुर्बिणी निघाल्या तेवढ्या जर्मन फौजेत तरी होत्या की नाही, देव जाणे. मी ऐकून घ्यायची आणि काही न बोलता दुर्बीण हातात तोलायची. वजन बरंच सांगतं. मग उजेडाकडे तिरकी धरून पुढच्या काचेतलं प्रतिबिंब बघायचं. जांभळट-निळी झाक दिसली तर काचेवर लेप आहे, म्हणजे दुर्बीण त्यातल्या त्यात अलीकडची. नुसतं पांढरं दिसलं तर जुनी. स्क्रूच्या डोक्यांवर पेचकस घसरल्याच्या खुणा असतील तर कुणीतरी हौशी माणूस आत जाऊन आलेला आहे, आणि हौशी माणूस आत गेला की किंमत बाहेर येते. सगळ्यात शेवटी नळीवरचं नाव आणि नंबर. करणाऱ्याचं नाव शाबूत, वरचा काळा रंग मूळचा, तर हौशी लोक दुपटीनं घेत. नाव पुसलं की उरते ती नुसती नळी.

म्हणून माझा एक नियम होता आणि तो मी येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायची. घासू नका, पुसू नका, चकचकीत करू नका. आहे तशी आणा. लोक माना डोलवत आणि घरी जाऊन घासत. आपल्याकडे चकाकी म्हणजे स्वच्छता आणि स्वच्छता म्हणजे भक्ती, त्याला कोण काय करणार?

जिची ही गोष्ट, ती मावशी प्रथम आली ती चष्म्यासाठी. म्हसवडकडच्या एका वस्तीवरची. मेंढरं आणि थोडी कोरडवाहू जमीन असलेलं घर. डोळे दाखवायला मिरजेच्या दवाखान्यात आली होती आणि तिथून चिठ्ठी देऊन तिला आमच्याकडे पाठवलं होतं. साठीच्या आतबाहेरची, उन्हानं रापलेली, निळं लुगडं, कपाळ मोकळं. ह्यांनी चौकट चढवून "साहेब दिसता" म्हटलं, तर म्हणाली, "साहेब नगं, सुईत दोरा ओवाय आला म्हंजी झालं." मला ती तिथंच आवडली.

चष्म्याच्या काचा घासून व्हायच्या होत्या, म्हणून तिला आठवड्यानं बोलावलं. निघताना तिची नजर माझ्या टेबलाकडे गेली. तिथं एक दुर्बीण उघडून ठेवलेली होती. ती थांबली. जवळ येऊन वाकून बघितलं आणि विचारलं, हे पलटणीतलं असतं का. मी म्हटलं, कधी असतं, कधी नसतं. यावर तिनं असं तोंड मिटलं की मी पुढे काही विचारलंच नाही.

पुढच्या खेपेला ती चष्मा घ्यायला आली तेव्हा काखेत बोचकं होतं. चष्मा नाकावर चढवला, माझ्या समोर बसली आणि बोचक्याची गाठ सोडली. आत जुन्या धोतराचं फडकं, फडक्याच्या आत एक दुर्बीण. सोन्यासारखी पिवळीधमक, लखलखीत. खिडकीतलं ऊन तिच्यावरून थेट छतावर गेलं.

माझ्या कपाळाची शीर उठली. असली दुर्बीण मूळची काळी असते. आत पितळ असलं तरी वर काळा लेप असतो, आणि त्या लेपावर नाव, नंबर कोरलेला असतो. इथं लेपाचा ठिपकासुद्धा शिल्लक नव्हता. वरच्या स्क्रूच्या खाचेत कुंकू सुकून दगड झालेलं, काचेच्या कडेला हळद. नाकाशी नेली तर चिंचेचा आंबूस वास. मी तडकून विचारलं, कुणी केला हा उद्योग? तिनं सरळ सांगितलं, "मीच घासती. दरसाल खंडेनवमीला. तांब्या-पितळंची भांडी घासतो तशी, चिंच आन राख लावून. पोरगा पुजतो."

खंडेनवमीला हत्यारं पुजतात हे मला कुणी शिकवायला नको. माझ्या माहेरीही विळी, कोयता, काकांची बंदूक पाटावर मांडली जाई. पण काकांच्या दुर्बिणीला कुणी चिंच लावली नव्हती. मी तिला भडाभडा सुनावलं. मावशी, तुम्ही काय केलंत कळतंय का, हिच्यावर लिहिलेलं सगळं गेलं, आता ही कुठली, कुणाची, किती जुनी, काही सांगता यायचं नाही, हिची निम्मी किंमत तुम्ही राखेत घातलीत. पुढच्या टेबलावरून हे डोळ्यांनी खुणा करत होते, जरा दमानं घे. मी घेतलं नाही.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग पदर सावरून म्हणाली, "किंमत इचारायला मी आलीच न्हाई, बाई. ही चोरीची हाय का, येवढंच सांगा."

मी दुर्बीण टेबलावर ठेवली.

मग हळूहळू तिनं सगळं सांगितलं. तिचे मालक पलटणीत होते. कधीतरी रजेवर आले तेव्हा ही वस्तू घेऊन आले. ट्रंकेतून काढून तिच्या हातात दिली आणि म्हणाले, पलटणीची वस्तू आहे, जपून ठेव. तिनं ती देवापाशी ठेवली आणि खंडेनवमीला पुजायला लागली. मालक सुटून घरी आले, पुढे वारले, तरी पूजा चुकली नाही. आता दिराशी बांधावरून वाद निघाला होता. चावडीवर चार माणसांत दीर बोलून गेला की तुझ्या नवऱ्यानं सरकारचा माल चोरून आणला आणि तुम्ही चोरीचा माल देवात पुजता. त्या दिवसापासून पोरगा पाणवठ्यावर मान खाली घालून जातो, असं म्हणताना तिचा आवाज जरासा हलला. दसरा तोंडावर आला होता. यंदा ती वस्तू पाटावर मांडायची का नाही, हा तिचा प्रश्न होता.

"चोरीची आसंल तर हिरीत टाकीन," ती म्हणाली. "पर खोटं सांगून माझी समजूत घालू नगा. दिराच्या तोंडावर मला खरंच बोलाय पायजे."

खोटं सांगणं सोपं होतं, आणि मला तसा मोहही झाला. पण तिनं ते दार आधीच लावून घेतलं होतं. शिवाय खरं काय ते मलाही ठाऊक नव्हतं. सरकारी सामानावर बाणाचा ठसा मारलेला असतो, काकांच्या पाण्याच्या बाटलीवरसुद्धा तो होता. तो ठसा आहे की नाही हे कळलं असतं तर प्रश्न मिटला असता, एकीकडे किंवा दुसरीकडे. भिंग लावून मी नळी इंचाइंचानं फिरवून बघितली. एके ठिकाणी दोन तिरक्या रेघा एकमेकींना भिडल्यासारख्या दिसल्या. बाणाचं टोक की राखेतल्या खड्याचा ओरखडा? इतक्या वर्षांच्या घासण्यानंतर ते सांगणं माझ्या भिंगाच्या पलीकडचं होतं. आपल्या नवऱ्याची साक्ष या बाईनं स्वतःच्या हातानं, मनोभावे, दर साल थोडी थोडी पुसून टाकली होती. मला तिचा राग येत होता आणि वाईटही तितकंच वाटत होतं.

नाव बोलत नसेल तर काच बोलेल, असं म्हणून मी उठले. नळी बोटाएवढी होती. लढाईच्या बंदुकीवरच्या दुर्बिणी सहसा याहून दांडग्या असतात. पण 'सहसा'वर चावडीत भांडता येत नाही. मी दुर्बीण टेबलाला जखडलेल्या पकडीत आवळली, काचा पुसल्या आणि खिडकीबाहेर रोखली.

यात एक साधी खूण असते. दुर्बीण करणारा ती एका ठराविक अंतरासाठी जुळवतो. त्या अंतरावरच्या वस्तूवर फुली ठेवून तुम्ही डोळा डावी-उजवीकडे हलवला तरी फुली वस्तूला चिकटून राहते. अंतर चुकलं की डोळ्याबरोबर फुलीही वस्तूवरून सरकायला लागते. लढाईची बंदूक लांबचं बघते, शेताच्या चार बांधांपलीकडचं. छर्‍याची बंदूक परसाच्या बाहेर जात नाही. म्हणजे फुली कुठे स्थिर राहते ते बघितलं की दुर्बीण कोणत्या बंदुकीसाठी जन्मली ते कळतं. आणि ही खूण आत असते, चिंच तिथवर पोचत नाही.

आधी लांबची पाण्याची टाकी धरली. डोळा हलवला, तर फुली टाकीच्या या कडेवरून त्या कडेवर गेली. मग जवळचं धरलं. गल्लीच्या तोंडाशी तंबोरेवाल्यांनी भोपळे वाळत टांगले होते. एका भोपळ्याच्या देठावर फुली ठेवली. डोळा डावीकडे नेला, उजवीकडे नेला. फुली देठावरून हलली नाही. पुन्हा करून बघितलं. ह्यांना बोलावून बघायला लावलं. ह्यांनी चेष्टा न करता बघितलं आणि मान डोलावली.

तरीही माझ्या मनाला पुरेना. भिंतीवर माझी विलायती छर्‍याची बंदूक टांगलेली होती, दुर्बिणी बसवून बघायला ठेवलेली. तिच्या पाठीवर दोन बारीक खाचा होत्या. पलटणीच्या बंदुकीला असल्या खाचा नसतात. मावशीच्या दुर्बिणीच्या खाली धरायचा चिमटा होता, त्यातलं कुंकू मी टाचणीनं कोरून काढलं आणि तो चिमटा खाचांवर टेकवला. दुर्बीण सरकत जाऊन अशी बसली की जणू कालच तिथून काढली होती.

मी वळून मावशीला विचारलं, तुमच्या घरी कधी छर्‍याची बंदूक होती का?

ती माझ्या हातातल्या बंदुकीकडे बघत राहिली. नवा चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला. मग म्हणाली, हुती. लग्नानंतर पहिल्या-दुसऱ्या रजेत मालकांनी कॅम्पातल्या जुन्या बाजारातून एक बंदूक विकत आणली होती, मित्रांना दाखवत गावभर फिरले होते. आणि दारातल्या लिंबावरचा एक होला मारून मोठ्या हौसेनं तिच्यापुढे धरला होता. त्या लिंबावर होल्यांचं घरटं होतं, त्यात पिल्लं होती. तिनं तो होला घरात येऊ दिला नाही. चूल पेटवली नाही. रजा संपेपर्यंत ती नवऱ्याशी एक शब्द बोलली नाही. तो जाताना बंदूक घेऊन गेला आणि ती पुन्हा कधी घरी आली नाही. कुणाला तरी देऊन टाकली, एवढंच तो म्हणाला.

"तिच्यावर वरती नळी होती का?" मी विचारलं.

"व्हय की. काळी हुती," ती म्हणाली, आणि तिथंच थांबली.

काळी. तिनं कधी ती नळी जवळून बघितलीच नव्हती. जिच्यामुळे होला मेला त्या बंदुकीच्या वाऱ्यालाही ती उभी राहिली नव्हती. पुढच्या रजेत बंदुकीविना एक सुटी नळी फडक्यात गुंडाळून हातात आली, तिच्याबरोबर 'पलटणीची वस्तू' हा शब्द आला, आणि पहिल्याच खंडेनवमीला ती घासून पिवळी झाली. दोन नळ्या एकच असतील अशी शंका येणार तरी कशी?

मग तिला एकेक आठवायला लागलं. मालक रजेवर आले की ती वस्तू देवापुढून उचलत, नमस्कार करत आणि लिंबाखाली बाज टाकून त्यातून वर बघत पडून राहत. तिनं विचारलं तर म्हणत, काही नाही, पलटणीची सवय. होले बसलेले असत वर. तो ते होले बघत असे.

बाहेर तंबोरेवाल्यांचा पोर भोपळे उतरवत होता. मला गलबलून आलं होतं आणि ते लपवायला मी उगाच टाचणीनं आणखी कुंकू कोरत बसले. बंदूक देऊन टाकली, पण दुर्बीण देववेना, आणि बायकोला तसं सांगायची छाती होईना. म्हणून गड्यानं तिला पलटणीची करून टाकली. पलटणीच्या वस्तूला कोण नाही म्हणणार? त्या एका थापेवर तिनं देव्हाऱ्यात जागा दिली, आणि त्याच थापेवर दिरानं त्याला चोर ठरवलं.

मी माझं मत तिला स्वच्छ सांगितलं. दुर्बीण छर्‍याच्या बंदुकीची आहे, बाजारात कुणीही घेऊ शकतो अशी. तुमच्या मालकांनी ती बंदुकीबरोबरच विकत घेतली असणार. लढाईची ती नाहीच. ओरखडा दिसतो तो ओरखडाच. आणि आता नाव-रंग काही न राहिल्यामुळे हिची किंमत म्हणाल तर एक बरा कोंबडा येईल, फार तर.

आजवर त्या टेबलाशी किंमत ऐकून लोकांची तोंडं पडलेली मी पाहिली होती. लढाईतल्या जर्मन दुर्बिणीचा कोंबडा झाला की भलेभले रुसून जात. ही बाई मात्र एवढीशी किंमत ऐकून उजळली. "येवढीच?" तिनं पुन्हा विचारलं. "लय ग्वाड झालं."

मी म्हटलं, एकदा बघा तरी यातून, इतकी वर्षं पुजता आहात. तिनं चष्मा वर सारला, डोळा लावला, भोपळा बघितला आणि पटकन मागं झाली. म्हणाली, घरी जाऊन बघते, लिंबाखाली.

फडक्यात दुर्बीण बांधून देताना माझी जित्याची खोड काही गेली नाही. मी बजावलं, मावशी, पूजा करा, पण आता तरी चिंच लावू नका. ती म्हणाली, आता तिच्यावर पुसायला राहिलंय काय? आणि हसली. हसता हसता तिच्या डोळ्यांना धार लागली. ती पुसायची तिनं तसदी घेतली नाही.

"चावडीवर काय सांगाल?" ह्यांनी पुढच्या टेबलावरून विचारलं.

बोचकं काखेत मारून ती पायरीवर उभी राहिली.

"सांगती की," ती म्हणाली. "आमचं मालक चोर न्हवतं. पलटणीत कुणाला भ्यालं न्हाईत, आन मला भ्यालं. येका होल्यापायी जलमभर मला भ्यालं, आन म्या मेलीनं त्यांला कवा इचारलं बी न्हाई, की आवं, वर बघून काय बघताय."

मग पायरी उतरून ती स्टँडच्या दिशेनं चालू लागली. म्हसवडची गाडी दुपारची होती.